प्रगतिपुस्तकातलं कौतुक

“तुमची मुलगी वर्गात फार शांत असते,” होल्शरबाई म्हणाल्या.

हे वाक्य जर्मनमधून मराठीत आणलं ते त्या मुलीनंच. ऋजुता आमच्या दोघांच्या मध्ये, तिच्या मापाच्या खुर्चीत बसली होती, आणि आम्ही दोघं तसल्याच खुर्च्यांत गुडघे छातीशी घेऊन. “बाई म्हणतायत, मी फार शांत असते.”

मी हसले. अजितही हसला. त्यानं टायची गाठ जरा सैल केली, कारण सुरुवात चांगली झाली होती.

“डांके,” मी म्हटलं. धन्यवाद एवढं मला येत होतं.

होल्शरबाईंनी चष्मा काढला. माझ्याकडे पाहिलं, अजितकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. मग एकेक शब्द सुटा करून, मला ऐकायला कमी येत असल्यासारखं म्हणाल्या, “ती स्वतःहून काहीच बोलत नाही. पहिलीपासून एकदाही नाही.”

“बाई म्हणतायत की मी—”

“कळलं,” अजित अजून हसतच होता. “त्यांना सांग, घरी आम्ही तसं वळणच लावलंय.”

ऋजुतानं ते सांगितलं की गिळलं, मला आजही ठाऊक नाही.

याला आता बारा वर्षं झाली. गाव वुपर्टाल, महिना नोव्हेंबर, मुलगी चौथीत. अजितच्या कंपनीनं त्याला तिथं पाठवलं तेव्हा ऋजुता सहा वर्षांची होती आणि मी जर्मनीबद्दल एवढंच ऐकलं होतं की तिथं थंडी असते आणि यंत्रं चांगली मिळतात. तिथं चौथीनंतर मुलांच्या वाटा वेगळ्या होतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एक शाळा वरची, गिम्नाझियुम, तिथून सरळ विद्यापीठ. एक मधली, रेआलशुले, तिथून दहावी करून कामधंदा शिकायचा. आणि एक सगळ्यांची, गेझाम्टशुले, जिथं सगळ्या तऱ्हेची मुलं एकत्र बसतात आणि जमलं तर तेरावीही करतात. जर्मन नावं माझ्या जिभेवर बसेनात, म्हणून घरात आम्ही वरची, मधली आणि सगळ्यांची असंच म्हणायचो. कोण कुठं जाईल याचा सल्ला वर्गशिक्षिका द्यायची. दहा वर्षांच्या पोराला.

आमच्या घरात सल्ल्याचा प्रश्नच नव्हता, वरची हे ठरलेलंच होतं. मी तर फाइल घेऊन आले होते: चार प्रगतिपुस्तकं, अबॅकसच्या तीन लेव्हलची सर्टिफिकेटं, पोहण्याचा समुद्रघोड्याचा बिल्ला प्लास्टिकच्या पिशवीत. होल्शरबाईंनी फाइलला हात लावला नाही.

“ती लिहिते सुंदर,” त्या म्हणाल्या. “गणित पक्कं. पण इथं निम्मे गुण वर्गात बोलण्याचे असतात. वरच्या शाळेत तर जास्तच. मी रेआलशुलेचा सल्ला देणार आहे.”

या वेळी ऋजुतानं भाषांतर केलं नाही. तिनं बुटाची चिकटपट्टी उघडली, बंद केली, उघडली.

अजितला तो एक शब्द भाषांतराशिवाय कळला. “पण निर्णय आईबापांचा असतो ना? विचार त्यांना. आपण वरच्या शाळेत घालू शकतो ना?”

“घालू शकता,” होल्शरबाई म्हणाल्या. “पण तिथं दोन वर्षं पारख होते. ही अशीच गप्प राहिली तर सहावीनंतर तिला मधल्या शाळेत पाठवतील. मैत्रिणी तिथंच राहतील आणि हिला जावं लागेल. मी अशी मुलं पाहिली आहेत, हेर मगदूम.” हेर म्हणजे त्यांच्यातलं मिस्टर.

ऋजुतानं हे मात्र नीट भाषांतर करून सांगितलं. मैत्रिणींसकट.

परतताना आम्ही वुपर्टालच्या त्या उलट्या टांगलेल्या रेल्वेत बसलो. खाली नदी, वर रूळ, आणि मध्ये आम्ही तिघं. दोन स्टेशनं गेल्यावर तिकीट तपासनीस आला. अजितनं तीन तिकिटं पुढं केली. दोनांवर शिक्का होता, तिसऱ्यावर नव्हता. रागाच्या भरात तो मशिनमध्ये घालायलाच विसरला होता.

तपासनीसानं दंडाचं पुस्तक काढलं. अजित इंग्रजीत काहीतरी पुटपुटला. आणि मग आमच्या शांत मुलीनं तोंड उघडलं.

मला त्यातलं निम्मंच कळत होतं, पण सूर पुरा कळत होता. ती म्हणाली, दोन शिक्के बघा, एकाच मिनिटाचे आहेत. तिसरं तिकीट त्याच पट्टीतलं आहे. ज्याला फुकट जायचं असतं तो तिकीट विकत घेऊन खिशात ठेवत नाही. नियम चोर पकडायला आहे का विसरभोळे पकडायला? माझे बाबा आत्ता एका वाईट मीटिंगमधून आलेत, तुम्ही कधी काही विसरत नाही का?

आख्खा डबा ऐकत होता. एका म्हातारीनं जोरात मान हलवली. तपासनीसानं पुस्तक मिटलं, खिशातून पेन काढून तिकिटावर सही केली आणि विचारलं, “वकील होणार का?”

“अजून ठरवलं नाही,” ऋजुता म्हणाली.

अजितनं तिच्याकडे असं पाहिलं की जणू शेजारच्यांचं पोर आपल्या ताटात जेवायला बसलंय.

मला मात्र आश्चर्य वाटलं नाही, आणि तेच मला टोचायला लागलं. गेली तीन वर्षं दवाखान्यात, बँकेत, घरमालकाच्या कचेरीत माझ्या वतीनं हीच बोलत होती. हीटर चालत नाही म्हणून तिनं त्या कचेरीतल्या बाईला रडवायचंच बाकी ठेवलं होतं. ती बाई आणि होल्शरबाई, दोघी जर्मनच की.

घरी आल्यावर मी दूध तापत ठेवलं आणि पाठमोरीच विचारलं, म्हणजे तिला सोपं जाईल. “ऋजू, वर्गात का गं बोलत नाहीस?”

“बाई नाव घेत नाहीत.”

“म्हणजे?”

“तूच सांगितलं होतंस ना. पहिल्या दिवशी. बाईंचं सगळं ऐकायचं, मध्ये तोंड घालायचं नाही, पुढं पुढं करायचं नाही. बाई आपलं नाव घेतील तेव्हाच उभं राहून उत्तर द्यायचं.” ती माझ्याच आवाजात म्हणत होती, मानेच्या त्याच हेलकाव्यासकट. “एकदा घेतलं होतं नाव. पहिलीत. मी उभी राहिले.”

“मग?”

“इथं कुणी उभं राहत नाही, आई. सगळे हसले. एक मुलगा म्हणाला, ही संडासला चाललीय. मग बाईंनी परत कधी घेतलंच नाही नाव. त्यांना वाटलं असेल मला लाज वाटते.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तुला वाईट वाटलं असतं. तू किती छान समजावलं होतंस.”

दूध उतू गेलं. मी ते पुसत राहिले, जरा जास्तच वेळ.

फाइल टेबलावर होती. मी चारही प्रगतिपुस्तकं उघडली. प्रत्येकात ते वाक्य होतं. पहिलीत ‘शांत’. दुसरीत ‘फार शांत’. तिसरीत दोनदा, दुसऱ्या वेळी ‘अतिशय शांत’. ते वाक्य आम्ही प्रत्येक वेळी जयसिंगपूरला अजितच्या थोरल्या भावाला, अण्णांना, फोनवर वाचून दाखवलं होतं. अण्णा हेडमास्तर म्हणून रिटायर झालेले. “अतिशय म्हणतात का? लई गुणाची पोर,” ते म्हणाले होते. “जर्मन माणूस उगीच कौतुक करत नाही.” त्या दिवशी मी शिरा केला होता, बदाम घालून.

दुसऱ्या दिवशी मी एकटी शाळेत गेले. ऋजुताला मुद्दाम नेलं नाही. हे तिच्या तोंडून सांगण्यासारखं नव्हतं.

माझं जर्मन कुठल्या क्लासातलं नव्हतं. दर आठवड्याला दारात पडणाऱ्या सुपरमार्केटच्या जाहिराती वाचून ते मी आपलं आपण शिकले होते. ‘ताजं’, ‘अर्धा किलो’, ‘फक्त शनिवारपर्यंत’ हे मला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. ‘माझी चूक झाली’ हे कुठल्याच जाहिरातीत नव्हतं. ते शब्दकोशातून काढून, फ्लॉवरच्या चित्राशेजारी लिहून, बसस्टॉपवर घोकत गेले.

होल्शरबाई मधल्या सुट्टीत सफरचंद चिरत होत्या. मी दारातूनच सुरुवात केली, कारण थांबले असते तर विसरले असते.

“मी चूक. मुलगी नाही चूक. मी सांगितलं, बोलू नको. मी सांगितलं, थांब, बाई नाव म्हणणार. ती थांबते. तीन वर्ष थांबते.”

सुरी थांबली.

“आमच्याकडे शांत म्हणजे चांगलं,” मी म्हटलं. “खूप चांगलं. पहिल्या नंबराचं.” इथं माझी जाहिरातींची भाषा संपली.

“पण मी चार वेळा लिहिलं!” होल्शरबाई म्हणाल्या. “मला वाटलं तुम्ही वाचतच नाही. म्हणून शेवटी ‘अतिशय’ लिहिलं!”

“वाचलं. आम्ही गोड केलं.”

“काय केलं?”

“गोड. आनंद झाला, म्हणून. बदाम घालून.”

त्यांनी तोंडावर हात घेतला. मला वाटलं रागावल्या. खांदे हलायला लागले तेव्हा कळलं की हसतायत, आणि मग पाहिलं तर डोळ्यांतून पाणीही येत होतं. त्यांनी मला खुर्ची दिली, मोठ्या माणसांची. सफरचंदाची फोड दिली.

“आमच्याकडे,” त्या सावकाश म्हणाल्या, “ज्या मुलानं बोट वर केलं नाही त्याचं नाव घेत नाहीत. उगाच त्याला अडचणीत आणायचं नाही. मी तिची काळजी घेत होते.”

मीही तेच करत होते. दोघी सभ्य बायका, आणि आमच्या मध्ये एक पोरगी, उत्तर तयार ठेवून बसलेली.

“उद्यापासून मी नाव घेईन,” होल्शरबाई म्हणाल्या. “रोज एकदा. एक आठवडा. त्यानंतर तिनं बोट वर करायचं. माझ्या कागदावर जे दिसेल तेच मी लिहीन, फ्राउ मगदूम. सल्ला जानेवारीत जातो, तोपर्यंत वेळ आहे.”

संध्याकाळी मी अजितला हे सगळं सांगितलं तेव्हा तो उठला. आत गेला, कपाटातून स्वतःची ऑफिसची फाइल घेऊन आला आणि एक कागद माझ्यासमोर ठेवला. त्याच्या साहेबानं लिहिलेला वर्षाचा शेरा. “बघ. सौम्य स्वभाव. बैठकीत शांत. मी हे लॅमिनेट करून घेणार होतो.”

“तरी म्हटलं बढती का मिळत नाही.”

“हस तू.”

मी हसलेच. ऋजुता आतून पळत आली, काय झालं म्हणून, आणि तिलाही वाचून दाखवावं लागलं. त्या दिवसापासून घरात नियम झाला की जेवताना बोट वर करून एक तरी मत सांगितल्याशिवाय कुणाला तूप मिळायचं नाही. अजितची मतं बरेच दिवस ‘आमटी बरी झालीय’ एवढ्यावरच अडली होती. ऋजुतानं त्याला सांगितलं, हे मत नाही बाबा, ही भीती आहे.

पहिल्या आठवड्यात ती शाळेतून यायची ती पोट दुखतंय म्हणत. दुसऱ्या आठवड्यात एकदा बोट वर केलं, पण उत्तर चुकलं. “मग?” मी जीव मुठीत धरून विचारलं. “काही नाही. बाई म्हणाल्या, जवळपास. मग दुसरीनं सांगितलं.” तिला स्वतःलाच नवल वाटत होतं की एवढंच असतं.

जानेवारीच्या शेवटी सल्ल्याचं पाकीट आलं. गिम्नाझियुम. खाली एक ओळ, की वर्गातला सहभाग अलीकडेच सुधारला असल्यामुळे थोडी शंका राहते. अजितनं ती ओळ बोटानं झाकून कागद तीनदा वाचला. नोंदणीचा अर्जही त्यातच होता. तो एकच मिळतो. एका वेळी एकाच शाळेत देता येतो. अजितनं पेनाचं टोपण काढलं.

“मला बोलायचंय,” ऋजुता म्हणाली. “मला सगळ्यांच्या शाळेत जायचंय.”

पेन तसंच हवेत राहिलं.

“अगं, वरची मिळालीय,” अजित म्हणाला.

“मिळालीय, पण दोन वर्षांच्या बोलीवर. मला दोन वर्षं भीत बसायचं नाही. सगळ्यांच्या शाळेत मध्येच कुणाला खाली पाठवत नाहीत. तेरावी तिथंही आहे. मी बघून आलेय, आईबरोबर, ते सगळं दाखवतात त्या दिवशी. मी तिथल्या एका मुलीला विचारलं, चुकलं तर काय होतं. ती म्हणाली, काय म्हणजे? तिला प्रश्नच कळला नाही.”

“तुला अजून कळत नाही, ऋजू. दहा वर्षांची आहेस. अण्णांना काय सांगू मी? वरची सोडली म्हणून?”

“मी सांगते अण्णांना. नंबर लावून दे.”

“भारती, सांग हिला काहीतरी!”

खरं सांगते, मलाही वरची हवी होती. मला हवी होती म्हणजे किती, तर मी मनातल्या मनात तिचं दप्तरही घेऊन ठेवलं होतं. मी स्वतः एफवायला कॉलेज सोडलेली बाई. माझ्या पोरीच्या नावापुढं ती शाळा लागली असती तर मी ती जयसिंगपूरच्या प्रत्येक लग्नात सांगितली असती. ऋजुता माझ्याकडे बघत होती. तिची नजर हलत नव्हती.

“अजित,” मी म्हटलं, “अडीच महिने झाले तिला बोलायला लावतोय आपण. पहिल्यांदा मनातलं बोलली. आता लगेच गप्प बसवायचं?”

त्यानं टोपण लावलं. काढलं. मग अर्ज ऋजुतापुढं सरकवला. “शाळेचं नाव तू लिही. स्पेलिंग चुकव म्हणजे परत येईल.”

तिनं चुकवलं नाही.

त्या शाळेत जागेपेक्षा अर्ज कितीतरी जास्त असतात हे आम्हाला अर्ज दिल्यावर कळलं. नाही मिळाली तर अर्ज परत, मग वरची आहेच, असं अजित दिवसातून दोनदा म्हणायचा. सुरुवातीला आशेनं. पुढं पुढं त्याचा सूर बदलला. एका सकाळी दाढी करता करता तो म्हणाला, “नाही मिळाली तर पोरगी फार हिरमुसेल गं,” आणि मला कळलं की हा आता आमच्या बाजूला आलाय.

पत्र शुक्रवारी आलं. ऋजुता शाळेत होती, अजितनं सर्दीमुळे रजा घेतली होती. त्यानं पाकीट भाजीच्या सुरीनं उघडलं, वाचलं, आणि माझ्याकडे देण्याऐवजी तिथंच फरशीवर बसला.

“काय? बोल ना!”

“घेतलं तिला,” तो म्हणाला. “घेतलं गं.” आणि तेव्हाच मला समजलं की इतके दिवस माझे खांदे कानांपर्यंत चढलेले होते, कारण ते खाली आले. मीही बसले. सकाळी अकरा वाजता, कणीक भिजवायची सोडून, आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या फरशीवर पाय पसरून बसलो होतो आणि अजित शिंकत हसत होता. “वरच्या शाळेतली ती दोन वर्षं,” तो म्हणाला, “मीच भीतीनं मेलो असतो तिच्याआधी.”

दुपारी ऋजुता आली. पत्र तिनं स्वतः वाचलं, दोनदा, ओठ हलवत. मग दप्तर खाली ठेवलं आणि माझ्यासमोर खुर्ची ओढली.

“म्हणजे मी म्हटलं ते झालं?”

“झालं.”

“म्हणजे मला काही आवडलं नाही तर मी सांगू शकते? दुसरं पण?”

“सांग की.”

तिनं एक मोठा श्वास घेतला. “डब्यात रोज पोळीभाजी नको. आठवड्यातनं दोनदा पाव. शाळेच्या दिवशी डोक्याला तेल नको. ते गुलाबी जाकीट मला दुसरीपासून आवडत नाही. अण्णांना माझे मार्क मला विचारल्याशिवाय सांगायचे नाहीत. आणि डॉक्टरकडे तुझ्या पोटाचं मी सांगणार नाही आई, मला फार कसंतरी होतं. ते तुझं तू सांगायचं.”

अजित दारात उभा राहून ऐकत होता. त्यानं हळूच पुढं होऊन दुधाखालचा गॅस बंद केला.

ऋजुता पाण्याचा घोट घ्यायला थांबली. “अजून आहे,” ती म्हणाली.

“असू दे,” मी म्हटलं आणि खुर्ची जरा पुढं घेतली. “बोल.”